जांभळ्या मक्याचं पातेलं

वाळलेली जांभळी कणसं हाताने मोडत नाहीत. फडक्यात गुंडाळून बत्त्याने ठेचावी लागतात. दर ऑक्टोबरात हे काम माझी सून मिला करायची. यंदा तिचं डावं मनगट प्लास्टरमध्ये होतं, म्हणून बत्ता मी हातात घेतला.

जिन्यावरून पडले, असं तिने हॉस्पिटलमध्ये सांगितलं होतं. आमच्या घरी जिना आहे, त्यावर जाड कार्पेट आहे आणि मिला तिथे कधीही पडलेली नाही. माझ्या मुलाने, नकुलने, तिचा हात फ्रिजच्या दारात धरून दार लोटलं होतं. कारण दूध संपलं होतं.

मिला पेरू देशातली, लिमा शहरातली. पूर्ण नाव मिलाग्रोस, म्हणजे त्यांच्या भाषेत चमत्कार. नकुल ब्रिस्टलला विमानांचे पंख बनतात तिथे इंजिनिअर आहे. ती तिथल्या कँटीनमध्ये केक करायची. लग्न झालं आणि नकुलने नोकरी सोडायला लावली. उल्हास, माझे यजमान, गेल्यापासून मी वर्षातले चार-पाच महिने त्यांच्याकडे असते. आषाढात येते, दिवाळी करून पुण्याला परतते. म्हणजे माझा चातुर्मास इथेच होतो.

मराठी ती नकुलकडूनच शिकली, त्यामुळे स्वतःबद्दल बोलताना ‘मी करतो, मी जातो’ असंच म्हणायची. मी सुरुवातीला दुरुस्त करायचे. मग सोडून दिलं. गोड वाटायचं.

ऑक्टोबर लागला की ती पायघोळ जांभळा झगा घालायची आणि कमरेला पांढरा गोफ बांधायची. लिमात एका भिंतीवर ख्रिस्ताचं चित्र आहे, भूकंपात सगळं पडलं तरी ती भिंत उभी राहिली, असं तिने मला सांगितलं होतं. हा महिना त्याचा. नवस बोललेल्या बायका महिनाभर हाच रंग नेसतात, आणि घराघरांत मासामोर्रा, म्हणजे मक्याच्या पाण्याची दाट गोड लापशी, शिजते, तीही याच रंगाची. मला यात समजावून सांगण्यासारखं काही नव्हतं. देवघराशेजारच्या फळीवर तिने त्या ख्रिस्ताची तसबीर ठेवली होती. माझं निरांजन आणि तिची मेणबत्ती एकाच काडीने लागायची.

ती तसबीर नकुलने सप्टेंबरात भिंतीवर फेकली. काचेचा एक तुकडा मिलाच्या भुवईत घुसला. तो मी चिमट्याने काढला.

आता माझ्या नेमाबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आलं. चातुर्मासात मी मौन धरते. सकाळी डोळे उघडल्यापासून देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. इतकी वर्षं ते नुसतंच देवासाठी होतं. यंदा आषाढी एकादशीला तळहातावर पाणी घेऊन मी संकल्प सोडला, की हे मौन माझ्या मुलाचा राग शांत व्हावा म्हणून. मी तसं त्याला सांगितलंही. त्याने मला जवळ घेतलं. “थँक यू, आई,” म्हणाला. डोळे भरले होते त्याचे. ते खोटं नव्हतं, असं मला आजही वाटतं.

दुसऱ्यासाठी धरलेलं मौन मध्येच मोडलं तर ते त्याच्यावरच उलटतं, असं माझ्या सासूबाई सांगायच्या. मी ते मानत आले होते.

श्रावण सरता सरता माझ्या एक लक्षात आलं. नकुल संध्याकाळी काही करेनासा झाला होता. संध्याकाळी त्याचा आवाज चढला, की मी नुसतं “नकुल, पुरे” म्हणायचे. माझा आवाज मुळात बारीक, पण तो थांबायचा. सगळं सकाळी होऊ लागलं. तो ऑफिसला जायच्या आधी, नाहीतर शनिवार-रविवारी नाश्त्याच्या वेळी. माझं तोंड बंद असलेले तास त्याने शोधून काढले होते. जाणूनबुजून की आपोआप, देव जाणे. त्याचा राग जावा म्हणून मी गप्प झाले, आणि त्या गप्प बसण्यातच त्याने जागा केली.

एकदा मी मध्ये जाऊन उभी राहिले. त्याने मला दोन्ही खांद्यांना धरून अलगद बाजूला केलं, खुर्चीवर बसवलं, आणि परत तिच्याकडे वळला.

ऑक्टोबरातल्या त्या रविवारी मिलाच्या चर्चमध्ये पेरूची मंडळी जमणार होती. मोठं पातेलं भरून मासामोर्रा हिने न्यायची, भात-दुधाची खीर दुसऱ्या कुणी आणायची, दोन्ही एकाच वाटीत वाढायचं. आदल्या संध्याकाळी नकुल हसून म्हणाला होता, “आमच्या घरात दोन-दोन संन्यासिनी. एक बोलत नाही, दुसरी पडदा गुंडाळून फिरते. मीच काय तो पापी.” जायला मात्र नाही म्हणाला नाही. त्याचा मूड बरा होता.

सकाळी तो पळायला गेला आणि आम्ही दोघी कामाला लागलो. ठेचलेली कणसं, अननसाची सालं, सफरचंद, दालचिनी, लवंगा असं सगळं उकळत होतं. दाणे फुटून पाणी काळंभोर जांभळं झालं, तसं मी ते गाळलं. त्यात साखर आणि सुके आलुबुखार, जर्दाळू गेले. शेवटी रताळ्याचं पीठ गार पाण्यात कालवून लावायचं. मला ते उपासाचं म्हणून आवडायचं. पीठ पडलं की हात थांबवायचा नाही, नाहीतर गाठी होतात. एका हाताने मिलाला पातेलं धरून ढवळणं जमण्यासारखं नव्हतं. मी ओगराळं घेऊन ढवळत होते, आणि ती शेजारी उभी राहून पिठाचं पाणी ओतत होती.

ओतता ओतता म्हणाली, “आई, तू आत्ता बोलू शकत नाही, म्हणून मी आत्ता सांगतो. फक्त ऐक.”

मी तिच्याकडे पाहिलं.

“येसेनिया कार घेऊन येणार. चर्चमधली. मी जातो आणि परत नाही येतो. तिच्या बहिणीकडे राहतो, कार्डिफला. तू रागावला तर मला कळणार नाही, कारण तू गप्प.” ती थोडीशी हसली. मग तिचं हसू विस्कटलं. “आई, पुढच्या वेळी तो मला मारून टाकेल. मारणार म्हणून नाही. चुकून.”

मी ढवळत होते. तिचं खरं होतं. फ्रिजचं दार मी पाहिलं होतं. मी मान हलवली, हो म्हणून. मोकळ्या हाताने तिच्या गालावरची साखर पुसली. तिने माझा तळहात तोंडाशी धरला आणि क्षणभर तशीच उभी राहिली.

बॅग तिने मागच्या अंगणात, रिसायकलिंगच्या खोक्यांमागे ठेवली होती. नकुल पुढच्या दाराने गेला होता. तो पुढच्या दारानेच परत येईल, असं आम्हा दोघींनाही वाटलं.

तो मागून आला. बुटांना चिखल लागला होता, म्हणून. माझ्याच सांगण्यावरून तो चिखलाचे बूट मागे काढतो.

किचनचं दार उघडलं तेव्हा त्याच्या हातात बॅग होती. त्याने ती ओट्यावर ठेवली, चेन उघडली आणि एकेक कपडा काढून जमिनीवर टाकू लागला. शांतपणे, घड्या न मोडता.

“सिरियसली?” तो म्हणाला. “हॉलिडे? मला कुणी सांगितलंच नाही. स्वेटर घेतलास, गुड. थंडी असते. आई, तुला माहीत होतं?”

मी ढवळत होते.

“अरे हो, तुझं मौन. सॉरी.”

मिलाने मागच्या दाराकडे धाव घेतली. त्याने पाय आडवा घातला. ती प्लास्टरच्या हातावर पडली, आणि असा आवाज तिच्या तोंडून आला जो मी माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्याने तिला केसांना धरून उभं केलं आणि तिचं डोकं कपाटाच्या दारावर आपटलं. दार निखळलं. पुन्हा आपटलं. कपाटातल्या बश्या घसरून एकेक फुटायला लागल्या, आणि तो प्रत्येक बशीनंतर थांबून म्हणत होता, “कुठे जाणार? कुठे जाणार तू? व्हिसा माझ्यामुळे आहे तुझा. घर माझं आहे. कुठे?”

तिने त्याच्या तोंडावर नखं मारली. गालावर तीन लाल रेघा उठल्या. मग मात्र तो बोलायचा थांबला, आणि तेच जास्त भयंकर होतं. त्याने तिच्या कमरेचा पांढरा गोफ एका हिसक्यात सोडवला आणि मागून तिच्या गळ्यात टाकला.

मी ओगराळं सोडलं आणि एक पाऊल पुढे टाकलं.

“आई, तू ढवळत राहा,” तो म्हणाला. माझ्याकडे न बघता, घरातली एखादी साधी गोष्ट सांगावी तसा. “गाठी होतील.”

मिलाचे पाय टाइल्सवर घासत होते. एक चप्पल उडून माझ्या पायाशी आली. तिचा चेहरा आधी लाल होता, मग तो तिच्या झग्याच्या रंगाकडे जाऊ लागला. तिचे डोळे माझ्यावर होते. गोफ त्याच्या मुठींना दोन-दोन वेढे बसलेला, मुठी पांढऱ्या पडलेल्या. त्या मुठींना मी तेल लावून वाढवलं होतं.

मी ओरडू शकत होते. आज लोक मला तेच विचारतात. पण माझ्या जिभेवर तो संकल्प होता, आणि हात मोकळे होते. मी ओगराळं भरलं आणि त्याच्या मुठींवर ओतलं.

उकळती मासामोर्रा पाण्यासारखी ओघळत नाही. ती पाकासारखी बसते. नकुल किंचाळला, पण गोफ सुटला नाही. हात आवळून गेले होते की राग, कोण जाणे. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि त्या बघण्यात मला दिसलं की तो आता थांबूच शकत नाही. मिलाचे पाय घासायचे थांबले होते.

मी पदर दोन्ही हातांवर घेतला, पातेलं उचललं आणि त्याच्या खांद्यावर, पाठीवर ओतलं. सगळं.

तो गुडघ्यांवर पडला. गोफ सुटला. मिला जमिनीवर आपटली आणि काही क्षण काहीच झालं नाही. मग तिच्या छातीतून शिट्टीसारखा श्वास आला. मी तिच्या गळ्यातून गोफ काढला. कातडीत रुतला होता. शेजारच्या डेरेकने मधल्या भिंतीवर धपाधप मारलं आणि ओरडला, “पोलीस येतायत! ऐकतोयस ना? मी पोलिसांना बोलावलंय!”

मग मी मुलाकडे गेले. तो शर्ट ओढून काढायचा प्रयत्न करत होता आणि शर्टाबरोबर कातडी येत होती. मी त्याचे हात धरून सिंकमध्ये नेले आणि गार पाण्याचा नळ सोडला. भांडं भरभरून पाठीवर ओतत राहिले. मीच भाजलं आणि मीच पाणी घालत होते. तो रडत होता. लहानपणी गुडघा फुटल्यावर रडायचा तसाच, हुंदके देत, “आई गं, आई गं” करत.

पोलीस आले. एक तरुण बाई आणि एक उंच पुरुष. आल्या आल्या त्यांना काय दिसलं असेल? जमिनीवर सगळीकडे जांभळा चिकट राडा, फुटलेल्या बश्या, नळाखाली भाजलेला माणूस. आणि ओट्याला टेकून बसलेली, जांभळ्या झग्यातली, केस सुटलेली बाई.

“तिने टाकलं,” नकुल इंग्रजीत म्हणाला. आवाज थरथरत होता, पण शब्द नीट जागच्या जागी पडत होते. “माझ्या बायकोने. ती बरी नाहीये. महिनाभर हा झगा घालून फिरते, काय काय ऐकू येतं तिला. ती गळ्याला दोरी लावत होती, मी सोडवायला गेलो.”

ती पोलीस बाई मिलापाशी वाकली. “तू टाकलंस का हे, डिअर?”

मिलाने माझ्याकडे पाहिलं. तिच्या घशातून आवाज धड निघत नव्हता. “हो,” ती म्हणाली. “मी.”

मी खिळल्यासारखी उभी राहिले. ही पोरगी, जिचा गळा अजून सुजत होता, ती मला वाचवत होती. तिने आत जायचं म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. व्हिसा जाणार, कार्डिफ जाणार, आणि नकुलचं म्हणणं कागदावर खरं होणार. मग त्याच्याच दयेवर राहायचं, नाहीतर परत पाठवून देणार. तिने मघाशी पळायला म्हणून जे पाऊल उचललं होतं, ते तिने माझ्यासाठी मागे घेतलं.

त्या पुरुषाने तिला अटक करतोय असं सांगितलं. एका हाताला प्लास्टर होतं, म्हणून बेडी न घालता दंडाला धरून उभं केलं. मी पुढे झाले. माझं तोंड उघडलं असेल, कारण नकुलच्या ते ध्यानात आलं.

“आई,” तो मराठीत म्हणाला. अगदी हळू. नळाखालून, भिजलेल्या केसांमधून माझ्याकडे बघत. “नैवेद्य व्हायचाय अजून. माझ्यासाठी धरलंयस ना? मोडू नकोस. प्लीज, आई. मी चांगला होईन.”

आत देवघरात समई तेवत होती. ती किचनमधूनही दिसते. मला सासूबाईंचं बोलणं आठवलं. उलटतं, त्याच्यावरच उलटतं. मी त्याच्या पाठीकडे पाहिलं. आणखी काय उलटायचं राहिलं होतं? आणि उलटायचं असेल तर उलटू दे. इतके दिवस मी जे देवासाठी केलं म्हणत होते, ते ह्याच्या सोयीचं झालं होतं. देवाला असला नैवेद्य नको असणार, एवढं मला कळत होतं.

“नकुल,” मी म्हणाले, “पाण्यातून हात काढू नकोस.”

मग मी त्या पोलीस बाईकडे वळले. माझं इंग्रजी दुकानापुरतं आहे. “नॉट शी,” मी म्हणाले. “मी. आय डिड. माय सन, ही पुट रोप. शी वॉज डायिंग. आय थ्रू.”

“आई, नो,” मिला म्हणाली.

“तू गप्प,” मी तिला मराठीत दटावलं. आयुष्यात पहिल्यांदा सुनेवर आवाज चढवला. “आता मी बोलते.”

उंच पोलीस म्हणाला, “मॅडम, तुम्ही शॉकमध्ये आहात.”

मी जमिनीवरचं पातेलं त्याच्या पायाशी ढकललं. जाड बुडाचं, पंगतीला काढतात तसलं, मी पुण्याहून आणलेलं. “वन हँड,” मी म्हणाले आणि मिलाच्या प्लास्टरकडे बोट केलं. “फुल पॉट. यू ट्राय.” मग माझे दोन्ही तळवे त्यांच्यापुढे धरले. पदर पातळ होता. तळव्यांवर कडांचे फोड आले होते, गोल, पातेल्याच्या काठाच्या आकाराचे. मला तोवर ते दुखलेही नव्हते.

पोलीस बाईने माझे हात पाहिले, मग मिलाचा गळा पाहिला, बराच वेळ, टॉर्च लावून. मग तिने आपल्या सोबत्याला मान हलवून खूण केली, आणि त्याने मिलाचा दंड सोडला.

नकुलने शिव्या द्यायला सुरुवात केली. आधी मिलाला, मग मला. तो मला काय काय म्हणाला ते इथे लिहीत नाही. अ‍ॅम्ब्युलन्सवाले त्याला नेत होते तेव्हाही तो थांबला नव्हता, आणि एक पोलीस त्याच्याबरोबर आत चढला. दारात येसेनिया उभी होती, कारची किल्ली हातात घेऊन, भेदरलेली. मिला दुसऱ्या अ‍ॅम्ब्युलन्समध्ये तिच्याबरोबर गेली. मला मात्र पोलिसांच्या गाडीने नेलं. देवाला काही दाखवायचं राहून गेलं.

पोलीस स्टेशनवर माझे हात धुऊन मलम लावलं, वकील दिला. खोलीत एक टेबल होतं, रेकॉर्ड करायचं यंत्र आणि समोर एक पोलीस अधिकारी. दुभाषी बाई फोनवर होत्या, कुठल्या गावातून बोलत होत्या कोण जाणे. मराठी नागपूरकडची होती. माझं नाव विचारलं. मधुमती उल्हास खांबेटे. ज्याच्यावर उकळतं टाकलं तो माझा कोण, असं विचारलं.

“मुलगा,” मी म्हणाले. “एकुलता एक.”

त्यांनी ते इंग्रजीत सांगितलं. मग त्या म्हणाल्या, “काकू, साहेब म्हणताहेत पहिल्यापासून सांगा. आजचंच नाही. तुम्ही डोळ्यांनी जे जे पाहिलं ते सगळं. तुमचं बोलणं धरून केस उभी राहील त्याच्यावर, म्हणून घाई नका करू.”

“कोर्टातही सांगावं लागेल?”

त्यांनी इंग्रजीत विचारलं, उत्तर ऐकलं. “लागेल. त्याच्यासमोर.”

मी सांगायला सुरुवात केली. दूध संपल्याचं सांगितलं. तसबिरीचं, भुवईतल्या काचेचं. सकाळच्या तासांचं. तो मला खुर्चीवर कसा अलगद बसवायचा ते. एवढं बोलायची सवय नव्हती, घसा कोरडा पडत होता, आणि मध्येच तो फोन खरखरला.

“काकू, ऐकू येत नाही हो,” त्या म्हणाल्या. “जरा मोठ्याने बोला.”

मी खुर्ची पुढे ओढली आणि फ्रिजच्या दारापासून पुन्हा सुरू केलं, मोठ्याने.